मनोऱ्यातला वारा

१

भिंतीची माती धरून ठेवणाऱ्या फळ्यांच्या सांध्यातून लाल ओघळ बाहेर आला, तेव्हा वरून ठोकणारं यंत्र चालवणाऱ्या गड्याला वाटलं की मातीत पाणी जास्त झालंय. त्याने यंत्र थांबवलं, ओघळाला बोट लावून बघितलं आणि मग जो ओरडला, तो गेटपर्यंत ऐकू आला.

मी धावत गेले. दुपारची सुट्टी संपून काम नुकतंच सुरू झालं होतं. मी फळ्या उचकटायला लावल्या. सैल माती भसकन खाली आली आणि तिच्याबरोबर डंकन व्हाइटली कमरेपर्यंत बाहेर लोंबला. पाय आतच रुतले होते. डोक्याची डावी बाजू चेपून आत गेली होती आणि तोंड मातीने भरलेलं होतं. शेजारी आमची हातधुमस पडली होती. लांब दांडा आणि खाली जाड लोखंडी पत्रा. कोपऱ्यात यंत्र पोचत नाही तिथे माती ठोकायला ती लागते. पत्र्याला केस चिकटले होते.

मी अनुसया गमरे, या साइटची सेफ्टी ऑफिसर. इथे कुणी मरू नये म्हणून मला नेमलंय. दोन गडी बाजूला जाऊन ओकत होते आणि मला ओकायचीही सवड नव्हती. मी सगळ्यांना मागे ढकललं, पोलिसांना फोन लावला आणि कोण कुठे उभं आहे ते बघून ठेवलं.

डंकन हा लंडनच्या आर्किटेक्ट कंपनीचा डायरेक्टर. त्याच्या कंपनीने इथे, बरक्याच्या किनाऱ्याला, अख्खी वसाहत काढली होती. भिंती फक्त ठोकलेल्या मातीच्या, सिमेंटचा कण नाही. गल्ल्या अशा अरुंद की एका घराची सावली दुसऱ्याला मिळावी. एसी कुठेच नाही, मधोमध वारा पकडणारा एक उंच मनोरा. समुद्रावरचा वारा मनोऱ्याच्या तोंडांतून आत शिरणार आणि सरळ खालच्या मजलिसमध्ये, म्हणजे बसायच्या खोलीत उतरणार. ओमानात, जुलैत, एसीशिवाय! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. नकाशे बघितल्यावर हसू थांबलं.

ते नकाशे यशोधनचे. मूळचा पुण्याचा, आता लंडनचा. आदल्याच दिवशी तो विमानातून उतरला होता. प्रेताजवळ तो पांढराफटक होऊन उभा होता आणि त्याच्या अंगात सेफ्टी जाकीट नव्हतं. तसल्या गोंधळातही मी त्याच्यावर खेकसले, "जाकीट कुठाय तुमचं?"

"गरम होत होतं. काढलं कुठेतरी," तो पुटपुटला.

बाकी सगळे मात्र झुबेरकडे बघत होते. झुबेर आमचा मुकादम, दापोलीकडचा, माझ्या गावापासून खाडी ओलांडली की त्याचं गाव. त्याचं डोकं म्हणजे पेटता निखारा. सकाळीच डंकनने त्याची एक भिंत पाडायला सांगितली होती, कारण तिच्यातले रंगीत थर वाकडे दिसत होते. झुबेरने हीच धुमस डोक्यावर उचलली होती आणि अख्ख्या साइटसमोर तो ओरडला होता, "एक दिवस तुझं टाळकंच थरात बसवीन!"

पोलीस अधिकारी हिलाल आला आणि त्याने एकच प्रश्न विचारला. "सुट्टीत कुठे होतास?"

"तंबूत. झोपलो होतो," झुबेर म्हणाला.

गड्यांनी माना खाली घातल्या. सुट्टीभर झुबेर तंबूत नव्हताच. शिपायांनी त्याला धरलं तेव्हा त्याने एकाच्या नाकाचा चेंदा केला, दुसऱ्याला शिंगावर घेतल्यासारखं भिंतीवर आदळलं. शेवटी चौघांनी मिळून त्याला जमिनीवर दाबलं. गाडीत कोंबताना त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं आणि नजर चोरली.

त्या नजरेने माझी खात्री पटली. हा माणूस काहीतरी लपवतोय, आणि ते माझ्यापासून लपवतोय.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याबाहेर एक बाई आपल्या बापाला चपलेने मारत होती.

बाई म्हणजे झरीन, झुबेरची बायको. बाप म्हणजे नूरुद्दीनभाय, आमचा मातीकामाचा ठेकेदार. साइटपासून तासाभरावर गाल्याला मोठं वर्कशॉप, वर किनाऱ्याला सहमला दुकान, दाढीला मेंदी. मी मधे पडले तेव्हा एक चप्पल मलाही बसली.

"बघा ना ताय! हा म्हंतो, झुबेरनं कबूल करून टाकावा. तेवढा केला की काम चालू ऱ्हाईल!"

"अगो, दोनशे मानसांच्या पोटाचा सवाल हाय," नूरुद्दीनभाय पागोटं सावरत म्हणाले. "आन् त्यानं मारलंच असंल तर? त्याचा हात काय आजचा हाय?"

"माझ्यावर कधी नाय उचलला त्यानं हात. कबूल केला तर इथं गोळी घालतात त्याला, आन् तुम्ही मला बेवा कराय निघालाय."

"तुम्ही कुठे होता काल दुपारी?" मी नूरुद्दीनभायना विचारलं.

"गाल्यात. नवीन फळ्या भरत होतो टेम्पोत. वर्कशॉपातल्या सगळ्यांना इचार." त्यांनी कानाला हात लावला. "डंकन माझा ठेका काढनार होता, हे खरा हाय. पन माझी उमर बघ गो. ती धुमस उचलली तर मीच आडवा पडेन."

हे मात्र पटण्यासारखं होतं. शिवाय मी विचारलं, तर वर्कशॉपमधल्या तिघांनी तेच सांगितलं.

हिलालने मला आत सोडलं, कारण अपघाताचा अहवाल मला द्यायचा होता. तो भला माणूस, पण त्याला गुंतागुंत आवडत नव्हती. "गमरे, हत्यार उसका, धमकी उसकी, झूठ उसका. खलास," तो म्हणाला. "आज संध्याकाळी मी त्याला सरकारी वकिलांकडे पाठवतो. पुढे माझ्या हातात काही नाही." पुढे काय असतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. इथे खुनाला मृत्युदंड आहे.

झुबेरचा एक डोळा सुजून बंद झाला होता. "मी नाय मारलंय त्याला, ताय."

"मग सुट्टीत कुठे होतास?"

"झोपलो होतो."

"कुठे? गडी म्हणतात तंबूत नव्हतास."

त्याने पाठ वळवली. मी रागाने गजांवर हात आपटला. "अरे, जिवाला मुकशील! बायको बाहेर रडतेय आणि तुला तोंड उघडता येत नाही?"

तो गजांजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "ताय, एक काम करशील? कुनाला तरी गोनपाटां भिजवाय सांग. नायतर गिलावा तडकंल."

मी कपाळाला हात लावला. मान सुळावर आणि याला गिलाव्याची पडलीय! मी तावातावाने बाहेर पडले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी त्या दिवशी घातला.

३

साइटवर डंकनच्या कंपनीची आणखी दोन माणसं होती. फिलिपा आणि यशोधन.

फिलिपा ही इंग्रज बाई कंपनीची पर्यावरण सल्लागार. इमारत किती वीज खाते, किती तापते, हे मोजणं तिचं काम. तिचे डोळे रडून लाल झाले होते, पण बोलणं स्पष्ट होतं.

"सुट्टीभर मी केबिनमध्ये होते. लंडनच्या लोकांशी व्हिडिओवर बोलत होते. सगळ्यांनी मला बघितलंय."

"डंकनशी भांडण?"

"होतंच." तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मजलिसच्या भिंतीवर तिने एक तापमापक लावला होता, त्याचे आकडे तिला इथे बसून दिसत. "हे बघ. मनोऱ्याखालची खोली तीन दिवस बाहेरच्याइतकीच तापलीय. थंड हवा खाली येतच नाही. डंकन म्हणाला, मनोरा फसला. आता त्याच्या पोटात एसीचे पाइप लपवायचे आणि बाहेर सांगायचं, बघा, वाऱ्यावर चालतो. मी म्हटलं, हा खोटेपणा आहे. आपण लोकांना उघड सांगू की चुकलं. त्यावरून आम्ही कडाडून भांडलो."

"यशोधनला हे माहीत होतं?"

"मी नाही सांगितलं. त्याची सात वर्षं आहेत त्या मनोऱ्यात. कुठल्या तोंडाने सांगणार?"

मग मी यशोधनला गाठलं. तो मनोऱ्याच्या सावलीत एकटाच बसला होता. नवीन जाकीट त्याने न सांगता घातलं होतं. मला त्याची कीव आली, खोटं कशाला बोलू. आपली भाषा बोलणारा, हुशार, आणि डोक्यावर आभाळ कोसळल्यासारखा.

"गमरे मॅडम, सुट्टीत मी इथेच होतो, मजलिसमध्ये," तो म्हणाला. "ज्यासाठी हा मनोरा काढला तेच करत होतो. वरून इतकी छान झुळूक येत होती की ड्रॉइंग उडू नये म्हणून त्यावर हेल्मेट ठेवावं लागलं. गारव्यात मला डुलकी लागली. आरडाओरड्यानेच जाग आली."

"डंकन मनोऱ्याबद्दल काही बोलला होता?"

"नाश्त्याला भेटलो तेवढंच. चांगल्या मूडमध्ये होता." तो मनोऱ्याकडे बघून किंचित हसला. "आमच्यात भांडण्यासारखं काही नव्हतंच. मनोरा काम करतोय, तुम्ही कधीही आत बसून बघा."

एक म्हणते खोली भट्टी आहे, दुसरा म्हणतो गारव्यात झोप लागली. दोघांतलं कुणीतरी थापा मारत होतं. आकडे फिलिपाच्या हातात; ते फिरवणं तिला काय अवघड? तिच्या व्हिडिओतले लोक तरी तिच्याकडे सारखे कुठे टक लावून बसले असतील? मनोरा बदनाम झाला तर तिचं काय भलं होतं ते मला कळेना, पण संशय तिच्याचकडे वळला.

दुपारच्या सुट्टीचा भोंगा झाला. उन्हाळ्याच्या महिन्यांत भर दुपारी उघड्यावर काम करायला इथे कायद्याने बंदी आहे, आणि ती पाळायला लावणं माझ्याकडे. मी दरडावत सगळ्यांना तंबूत पिटाळलं. तंबूत एक गडी पाण्याच्या कॅनभोवती गुंडाळलेल्या गोणपाटावर मगाने पाणी ओतत होता.

मी तिथेच खिळले.

गोणपाटं भिजवाय सांग, नाहीतर गिलावा तडकेल. कसला गिलावा? अख्ख्या वसाहतीत गिलाव्याचं काम एकाच ठिकाणी चालू होतं.

४

"मनोऱ्यात आतून गिलावा कधी झाला?" मी त्या गड्याला विचारलं. चार दिवस मी रजेवर होते, आदल्या सकाळीच परतले होते.

"परवाच्या आधी. मुकादमनं सोता केला."

मी माझाच कायदा मोडला आणि भर उन्हात मनोऱ्यावर चढले. शिडीच्या लोखंडाने हातमोज्यांतूनही चटका बसत होता. वर समुद्रावरचा वारा असा सुटला होता की हेल्मेटचा पट्टा गालावर फटफटत होता. मनोऱ्याच्या तोंडांना बाहेरून लाकडी जाळी आहे. खालून बघणाऱ्याला तीच दिसते. मी जाळीची झडप उघडून आत वाकले.

आत चारही तोंडांवर गोणपाटं ताणून बांधली होती, कडेला कड लावून, सुईच्या टोकाएवढीही फट नाही. चुन्याचा ओला गिलावा वाऱ्याने भराभर वाळला तर तडकतो, म्हणून तो झाकून सारखा भिजवत राहायचा असतो. एक दिवस पाणी न मिळाल्याने गोणपाटं वाळून कडकडीत झाली होती. कडेला पाण्याचा पाइप होता आणि त्यावर झुबेरचा लाल चौकड्यांचा रुमाल वाळत पडला होता.

हा वेडा सुट्टीत इथे चढून पाणी मारत होता! आणि ते सांगेना, कारण गेल्याच महिन्यात मी त्याला सुट्टीत काम करताना पकडलं होतं आणि दम भरला होता, पुन्हा दिसलास तर घरी पाठवीन. खुनाच्या आरोपापेक्षा त्याला माझी भीती जास्त वाटली. मला हसू आलं आणि लगेच रडू कोसळलं.

मग मी खाली अंधारात बघितलं. गोणपाटांचे दोर एकत्र बांधून एक लांब दोर तळापर्यंत सोडलेला होता, काम झाल्यावर खालूनच सगळी ओढून काढता यावीत म्हणून. हवा मात्र मेलेली. बाहेर एवढा वारा आणि आत वाफ कोंडलेली.

थंड झुळूक? कुठल्या भोकातून?

मी हिलालला तिथूनच फोन केला आणि खाली मजलिसमध्ये गेले. दार ढकलल्यावर भट्टीचं झाकण काढल्यासारखी उष्णता तोंडावर आली. जमिनीवर, बाकांवर धुळीचा सलग थर होता. मधोमध, मनोऱ्याच्या बरोबर खाली, त्या धुळीत थेंबांचे सुकलेले खळगे होते, पावसाने अंगणात पडावेत तसे. काल झुबेरने वर पाणी मारलं ते इथे टपकलं होतं. त्याखाली कुणी झोपलं असतं तर चिंब भिजून उठलं असतं. धुळीत माझ्या पावलांखेरीज एक पाऊल नव्हतं. बाकावर कुणी बसल्याची खूण नव्हती. इथे काढून ठेवलेलं जाकीटही नव्हतं. हिलालने ही खोली उघडलीच नव्हती; त्याचा खुनी तर त्याच्या कोठडीत होता.

मागे दाराची कडी वाजली.

५

यशोधन दारात उभा होता. हातात परांचीच्या लोखंडी पाइपचा तुकडा होता.

"तुम्हाला वर चढताना बघितलं," तो म्हणाला. "काय आहे वर?"

"गोणपाटं. परवाच्या आधीपासून तोंडं बंद आहेत. वारा येतच नव्हता, यशोधन. तुम्ही इथे बसलाच नव्हता."

"खोटं. हा मनोरा चालतो."

"तुमच्या नकाशात चालतो. तुम्ही सांगितलंत ते नकाशात बघून. इथे खरंच बसलेला माणूस म्हणाला असता, घामाने जीव गेला. जाकीट कुठाय तुमचं? रक्ताने भिजलं म्हणून डंकनबरोबर भिंतीत घातलंत ना?"

पहिला घाव माझ्या हेल्मेटवर बसला आणि हेल्मेट दुभंगलं. दुसरा मी हातावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, दुखायला नंतर लागलं. मी धुळीत कोसळले. तो ओरडत होता, "तो म्हणाला, तुझा मनोरा म्हणजे धुराडं! उद्या त्यात एसीचे पाइप टाकतोय, कंपनीच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छान दिसेल म्हणाला! सात वर्षं! हसत होता तो!" पाइप माझ्या कानाजवळ फरशीवर आदळला आणि ठिणग्या उडाल्या. त्याने पुन्हा उचलला. या खेपेला चुकणार नव्हता.

माझा धडका हात चाचपडत त्या लोंबत्या दोरापर्यंत पोचला. मी अंगातलं सगळं बळ एकवटून ओढला.

वर कडाकड सुतळ्या तुटल्या. गोणपाटं, चुन्याचे पोपडे, माती, सगळं धबाधब आमच्या दोघांवर कोसळलं. उजेडाचा एक खांब खोलीत उतरला. आणि त्यामागून वारा आला.

समुद्राचा वास घेऊन आला. आधी धूळ उडाली, मग घामाने चिकटलेला माझा सदरा पाठीपासून सुटला, मानेवर काटा आला. एवढी कोंडलेली भट्टी बघता बघता निवत गेली.

यशोधनचा हात वरच राहिला. त्याने तोंड वर केलं. केस उडत होते, पांढरी धूळ डोळ्यांत जात होती, तरी तो पापणी मिटेना. पाइप कधी गळून पडला ते त्याला कळलंही नसावं.

"किती दिवस होती ही गोणपाटं?" त्याने विचारलं.

"फिलिपाचे आकडे बिघडले तेवढेच दिवस."

"डंकन वर चढला नाही?"

"नाही. तो पडद्यावर आकडे बघत होता." माझा हात आता पेटल्यासारखा दुखत होता आणि मला दया दाखवायची नव्हती. "आणि तुम्ही नकाशा. दोघांतला एक जण शिडी चढला असता, तर काल दुपारी तुम्ही दोघं इथे बसून चहा प्यायला असता."

तो मटकन खाली बसला. हिलालची माणसं आत आली तेव्हा तो त्याच वाऱ्यात हुंदके देत होता. उठायला तयार नव्हता; त्याला ओढत न्यावं लागलं.

६

भिंतीचा खालचा थर फोडल्यावर जाकीट सापडलं. संध्याकाळी हिलालने झुबेरला सरकारी वकिलांकडे न पाठवता बाहेर सोडलं. शिपायाचं नाक फोडल्याची केस तेवढी त्याच्या नावावर राहिली, आणि ती राहायलाच हवी होती.

झरीन त्याला बिलगून मोठ्याने रडली. नूरुद्दीनभाय लांब उभे राहिले; जवळ यायची त्यांची छाती झाली नाही. झुबेरने माझ्या प्लास्टरमधल्या हाताकडे बघितलं, मग मान खाली घातली.

"ताय, सुट्टीत वर चढलो होतो. आता घरी पाठवशील?"

"गाढवा," मी म्हटलं, "मीसुद्धा चढले होते."

तो हसला नाही. माझ्या केसांत अजून अडकलेला चुन्याचा पोपडा त्याने उचलला आणि बोटांनी चुरला.

"तडकला ना शेवटी," तो म्हणाला. "तरी सांगत होतो तुला."